टिच बटण

प्रज्योतच्या गाडीची बॉडी चार पिनांवर उभी असते,
म्हणजे असायची.
चार खांब, खांबाला भोक, भोकात पिन,
केसाच्या आकड्याहून लहान.
जालन्याच्या काळ्या मातीत पडली
की ती मातीचीच.

एमआयडीसीच्या मागं मोकळ्या प्लॉटवर
पोरं रिमोट घेऊन जमतात,
दर रविवारी एक पिन कमी.
"आई, तुझ्या डब्यात काही आहे का?"

माझ्या डब्यात काय नाही?
सोळा वर्षं मी हेच करायलेय:
बॉडी अंगावर कशी राहील
आणि अंगावरून कशी निघेल.
माझ्या वहीत बॉडी म्हणजे अस्तर, टक्स, छातीचं माप.
ह्याच्या तोंडात बॉडी म्हणजे पातळ प्लास्टिकचं टरफल,
आतून लाल रंगवलेलं,
काचा नुसत्या काढलेल्या.

आधी हूक लावले.
पहिल्याच उडीत आकडे सरळ.
हूक बाईच्या श्वासाला पुरतो,
गाडीच्या उडीला नाही.

मग इलॅस्टिक.
गाडी परकर नेसल्यासारखी दिसायला लागली.
जुनेद इतका हसला
की त्याची स्वतःची गाडी नालीत गेली.

मग त्यानंच फुटक्या स्पीकरचे चुंबक आणले,
दोन खाली, दोन वर.
टक्.
काय देखणा आवाज! एकच फेरी टिकला.
आमच्या हवेत लोखंड आहे
हे दोरीवरच्या पांढऱ्या कपड्यांना ठाऊक होतंच,
त्या दिवशी त्याला दाढी फुटली.
चुंबकांवर काळे केस उभे राहिले
आणि बॉडी बोटभर अधांतरी.

वेल्क्रो सराट्याचा सख्खा भाऊ.
धरतो म्हणजे धरतोच.
गाडी विजेच्या खांबावर गेली, बॉडी सुटली नाही,
बॉनेटपासून दारापर्यंत उभी चिरली.
प्रज्योत रडला नाही. नववीत आहे.

तेव्हा खाटेवरून हे बोलले,
दोन दिवसांत पहिल्यांदा:
"घट्ट नको.
वेळेला सुटलं पाहिजे."

मी मशीनचं चाक हातानं थांबवलं.

रोलिंग मिलच्या त्या रात्री
ह्यांच्या उजव्या बाहीला माझंच बटण होतं.
दुहेरी दोरा, सहा टाके, मानेला तीन वेढे.
माझं बटण तुटत नाही
अशी कादराबादपर्यंत माझी ख्याती.
ते तुटलं नाही.

तेव्हापासून मिलच्या माणसांच्या कफांना
मी टिच बटणं लावते.
जास्तीचे पैसे घेत नाही,
कामून म्हणून कुणी विचारत नाही.

तर टिच बटणं.
चिरलेली बॉडी मागून टेपनं सांधली,
रेक्झिनच्या चार चकत्या आतून डकवल्या,
चकतीवर बटणाचा नर.
खांबांना सायकलच्या ट्यूबची टोपी,
टोपीवर मादी.
पोरं "नर-मादी" ऐकून लाजली.
शिंप्याच्या धंद्यात दुसरे शब्द नाहीत, बाबांनो.

रविवारी मीही गेले, हेही आले.
तिसऱ्या फेरीत तोच खांब.
टिच टिच टिच टिच,
लाल बॉडी उडून बाभळीखाली पडली,
आणि गाडी,
वायरी, बॅटरी, सगळं उघडं घेऊन,
थांबलीच नाही.
उघडीच पळाली, फेरी पुरी केली,
पोरं ओरडायलीत, जुनेद नाचायलाय.

हे वाकले. बॉडी उचलली.
मातीवर उकिडवे बसून
डाव्या हाताच्या अंगठ्यानं
एकेक कोपरा दाबला.
मी मदतीला गेले नाही.
टिच.
टिच.
टिच.

चौथं बसेना.
त्यांनी माझ्याकडं पाहिलं.
चकती मीच उलटी डकवली होती.

घरी आल्यावर उसवायला घेतली.