प्रति

पाचवीच्या पुस्तकात, पान बेचाळीसवर,
अ‍ॅटलास तीन रंगांत कापून ठेवलाय.
मधला हिरवा: देवदार, माकडं.
उंच तपकिरी: बर्फ, आणि बर्फ बघायला येणारे लोक.
खाली दक्षिणेला पिवळा, तो प्रति-अ‍ॅटलास.
उजव्या कडेला सीमा येते. ती बंद आहे,
म्हणून नकाशातला डोंगरही तिथेच थांबतो.

मी रिफचा.
माझा डोंगर या तिन्हींत बसत नाही,
तो समुद्राच्या काठाकाठाने वेगळाच चालतो.
माझी बोली ऐकून इथली पोरं
तोंडावर हात धरून हसतात.
तरी नेमणूक सिरुआत. तरी खडू माझ्या हातात.

सहामाहीला विचारलं:
तुमचं गाव कोणत्या अ‍ॅटलासमध्ये येतं? गुण दोन.
सोपा प्रश्न, असं मला वाटलेलं.

इदरनं लिहिलं उंच, कारण त्याचा बाप
तुब्कालला पाहुण्यांच्या पिशव्या वाहतो.
हम्मादीनं लिहिलं प्रति, कारण बहीण त्या अंगाला दिलीय.
शेजारी शेजारी बसणाऱ्या दोघांनी लिहिलं मधला,
एकच खाडाखोड, एकाच जागी.

आणि तूदानं लिहिलं:
आमच्या धाब्याला दोन पन्हळी आहेत.
एकीचं पाणी सूसला जातं, दुसरीचं द्राला.
सूस समुद्राला मिळते.
द्रा पुढे कुठे जाते ते आईला माहीत नाही.
बादली आम्ही सूसच्या पन्हळीखाली ठेवतो
कारण ती दाराजवळ आहे.

मी पुस्तक पुन्हा उघडलं.
सिरुआवर हिरवा नव्हता, तपकिरी संपत होता,
पिवळा नीट सुरू झालेला नव्हता.
छापणाऱ्याची शाई थोडी सरकली असेल.
एक गुण दिला. मग दीड केला.

नोव्हेंबरात वर्ग रिकामा. केशर आलं होतं.
फुलं उजाडायच्या आत खुडावी लागतात,
ऊन लागलं की मिटलेलं उमलतं आणि किंमत उतरते.
हजेरीपट घेऊन मीच वर चढलो.
ओसरीत जांभळा ढीग, भोवती बायका,
तूदाची आई इत्तो नखानं लाल तंतू सोडवत होती.
बोटं पिवळी, मनगटापर्यंत.

मान वर न करता तिनं विचारलं,
‘मास्तर, प्रति म्हणजे? कोणाच्या विरुद्ध?’
म्हटलं, उंच अ‍ॅटलासच्या समोरचा, म्हणून.
‘कोण आधीचं?’
म्हटलं, खडक बघितले तर प्रति. खूपच आधीचा.
‘मग समोर येऊन दुसराच बसला की,’
असं म्हणून तिनं उरलेलं फूल मागे फेकलं.
मागे अशा फुलांचा दुसरा ढीग, गुरांसाठी.

संध्याकाळी ढग उतरले. तूदाचा काका बास्सू म्हणाला,
घाट ओला आहे, राहा.
पाहुण्यांच्या खोलीत घोंगडीवर पडून
मी बदलीचा अर्ज मनात जुळवत होतो,
दर वर्षीचाच.
प्रति, असं लिहायचं, स्वल्पविराम,
आणि खाली ज्याच्याकडे जायचं त्याचं नाव.
एवढासा शब्द,
विरुद्धही तोच, आणि कडेही तोच.
आजवर माझं लक्षच गेलं नव्हतं.

मग पाऊस.
दाराजवळची बादली आधी पत्र्यासारखी वाजली,
मग पोट भरल्यासारखी.
मागची पन्हळ मात्र नुसती दगडांवर ओतत होती,
अंधारात, द्राच्या दिशेनं,
वाळूत जिरायला निघालेलं पाणी.
झोप लागेना. उठलो,
हाताला लागली ती चहाची किटली घेतली,
चाचपडत मागे गेलो, तिच्याखाली ठेवून आलो.
पाय भिजले. कुत्रं एकदा भुंकलं, ओळख पटून गप्प झालं.

सकाळी इत्तो मागच्या बाजूनं आली.
काठोकाठ किटली हातात.
माझ्याकडे बघितलंही नाही तिनं,
सगळं पाणी बादलीत ओतलं
आणि चुलीकडे गेली.