अळीमिळी

बुधवारी डबीतून आला
सोखना म्बेंगच्या मांडीचा तुकडा,
मसुराएवढा.
मी तो मेणात बसवला, पापुद्रे काढले,
तपकिरी रंग चढवला.
हा रंग फक्त राखणदारांना लागतो.

एरवी वरच्या थरात
थोड्या थोड्या अंतरावर एकेक जण उभा असतो
हात पसरून,
मधून मुंगी शिरणार नाही असा.
काही शिरलंच, तर त्याचा कण खिशात घालून
जांघेतल्या गाठीपर्यंत चालत जातो,
चावडीवर ठेवतो: हे सापडलं.
मग सूज, लाली, खाज, आरडाओरडा.
आपण त्या आरड्यालाच आजार म्हणतो.

आज भिंगाखाली मोजले. तीन.
हात आखडून घेतलेले.
पुन्हा मोजले. चार.
चौथा माझ्या पापणीचा केस निघाला.

डॉक्टर थियोंगानची चिठ्ठी:
अकरा महिने, दिवसातून दोनदा, अंगभर.
डाकारच्या बाजारात, कापडवाल्यांच्या गल्लीत
साबणाशेजारी मिळते ती ट्यूब.
खोक्यावर पपई.
आत पपई नाही.

नणंदेच्या लेकीचं बारसं होतं,
फोटोत उजळ दिसायचं होतं.
उजळली.
बोटांची पेरं तेवढी काळीच राहिली,
सांध्यांना खोटं बोलता येत नाही.

मग मांडीवर नाण्याएवढी चकती.
गजकर्ण. कुणीही ओळखावं असं.
तिने तीच क्रीम लावली.
खाज थांबली, लाली ओसरली, कडा पुसली गेली,
हत्तीच्या कानाचा आकारसुद्धा उरला नाही.
आणि बुरशी, जिला कुणी हटकलं नाही,
पोटावर गेली, पाठीवर गेली,
मालक गावाला गेलेल्या घरात
पाहुणी हिंडते तशी.

औषधाला मी शिव्या देणार नाही.
माझा मोदू दोन वर्षांचा असताना
कोपराच्या खोबणीत रक्त येईस्तोवर खाजवायचा.
याच जातीची क्रीम, जरा सौम्य,
बोटाच्या पेराएवढी मोजून
सात रात्री लावली.
पाचव्या रात्री तो झोपला. मीही.
तेव्हाही हे असेच बसले असतील, तोंडावर बोट ठेवून.
अळीमिळी गुपचिळी.
आठव्या दिवशी ट्यूबचं झाकण लावलं
आणि त्यांना खेळातून सोडलं.

सोखनाच्या खेळात
कुणीच 'सुटलात' म्हणालं नाही.

अहवालात असलं काही लिहीत नाहीत.
मी लिहिलं: थर पातळ.
शाखाळ पेशी विरळ.
वरच्या थरात बुरशीचे धागे,
(दुसऱ्या रंगात, जांभळे, सुंदर)
भरपूर.
'सुंदर' खोडलं.

बाहेर हार्मातानची धूळ.
बाकावर सोखना असेल,
गळ्यापर्यंत बटणं लावून,
शेजारणीला विचारत:
काहीच खाजत नाही, काहीच दुखत नाही,
मग एवढा तुकडा कशाला कापला गं?