कीप

फोंड्याला, कोर्टाच्या जिन्याखाली माझं टेबल.
इंग्रजीचं मराठी, मराठीचं इंग्रजी,
पानाला साठ रुपये.
शुक्रवारी वकील नास्नोडकरांनी एक बाई पाठवली,
मडकईची, चंपावती. वय विचारलं तर म्हणाली,
"ऐंशी लिही, कमी पडली तर वाढव."
पिशवीतून कागद निघाला,
भाटकाराच्या पुतण्यानं कोर्टात घातलेला.
त्यात एक ओळ:
शी वॉज केप्ट बाय माय लेट अंकल.
म्हणून घरावर हक्क नाही, असं पुढे.

बाकीचे शब्द सोपे. एक अडला.

तीस वर्षं हे क्रियापद हाताखालून जातंय,
कधी अडलं नव्हतं.
कदंबाच्या पाठीवर कीप लेफ्ट.
पालिकेच्या बागेत कीप ऑफ द ग्रास,
गवत गेलं, पाटी आहे.
भाचा माझा कीपर, रविवारी बोरीच्या मैदानात
चार गोल खाऊन येतो, तरी कीपरच.
मानकुराद चार दिवसांपलीकडे टिकत नाही,
तिथेही म्हणे कीप:
आंबा स्वतःलाच ठेवतो, किंवा नाही ठेवत.
घड्याळ वेळ पाळतं, माणूस कुत्रं पाळतो
आणि शब्द, जमला तर.
लोक नावं ठेवतात,
तिथे मात्र कीप चालत नाही.
ते आपलं आपणच कमावलेलं.

मी लिहिलं: ठेव
आणि थांबलो.
एवढ्यावर सोडलं तर बँकेतली वाटते,
व्याज देणारी.
पुढे "लेली" लावलं
की अख्ख्या वाड्यानं मान वळवलीच म्हणून समजा.

स्टुलावरून तिचे पाय जमिनीला टेकत नव्हते.
"काय लिहिलंय रे माझ्याबद्दल?"
"की तुम्ही... तिथे राहात होता."
"एवढं सांगायला घाम कशाला फुटतो?"

मग तीच बोलली, कागदाकडे न बघता.
त्या वर्षीच्या चवथीनंतर भाटकाराचं डावं अंग गेलं.
बायको मुलांना घेऊन पुण्याला गेली,
पुतण्या तेव्हा अर्ध्या चड्डीत.
पेज चमच्यानं भरवायची.
कूस तीनदा बदलायची, नाहीतर पाठ सडते.
पाडेली चोर, त्याच्या मागे फिरून नारळ मोजायचे,
वहीत मांडायचे, वही त्याला वाचून दाखवायची,
त्याला कळो न कळो.
सीमेवरच्या राखणदाराला रोट चुकवला नाही.
"अकरा वर्सां," ती म्हणाली,
"हांवें राखलो ताका."

राखलो.
कर्ता ती, कर्म तो.
क्रियापदाचं लिंग त्याचं,
राबणं तिचं.
इंग्रजीत करून पाहिलं, मनातल्या मनात:
वॉज काढा, बाय काढा,
शी केप्ट हिम.
केप्ट जागचा हलला नाही.

पण काढायचा अधिकार मला नाही.
शपथ दुसऱ्याची, मी भाषांतरकार,
आहे ते लिहायचं. लिहिलं.
ठेवलेली होती.
शिक्का मारला.
शाई वाळायच्या आत दुसरा कागद घेतला,
कोरा, तिच्या बाजूचा,
म्हटलं, परत सांगा. पहिल्यापासून. हळू.

तिनं चवथीपासून सुरुवात केली नाही.
माडांपासून केली. किती होते,
कुठला विहिरीवर वाकलेला.

तिची दोन पानं, पुतण्याचं एक,
एकशेऐंशी.
तिनं दोनशेची नोट ठेवली, घडीची, ओलसर.
वीस परत द्यायला मी ड्रॉवर उघडला
तोवर ती उठली होती.
"दवर रे," म्हणाली, "दवर तुझ्याकडे,"
आणि बसस्टँडकडे चालू लागली,
उन्हात,
रस्त्याच्या डाव्या कडेनं.