पाचवा खिसा

वागळे इस्टेट, रोड नंबर सोळा,
तिसरा मजला, लिफ्ट गणपतीपासून बंद.
पोरगा जिने चढून आला, धापा टाकत म्हणाला,
काकू, मला फक्त समजून घ्यायचंय,
एका जीन्सला खरे किती लागतात.

नाव अन्वय. ब्रँडचं नाव अजून ठरत होतं.
आईची एफडी मोडलीय, हे त्यानं चहा आल्यावर सांगितलं.

मी वही उघडली. कॉम्प्युटर आहे,
पण हातानं लिहिल्याशिवाय मला आकडे पटत नाहीत.

कापड एक पूर्णांक पंधरा मीटर,
दोनशे दहाच्या भावानं दोनशे साडेएकेचाळीस.
हे इलियास मास्तर आहे म्हणून.
लग्नघरात एका खोलीत नऊ पाहुणे निजवावेत
तसा तो पायांचे तुकडे कापडावर निजवतो,
कुणाचं डोकं कुणाच्या पायाशी.
दुसरा कुणी असेल तर एक-वीस धर.

अस्तर, दोरा अठरा. लेबल, चामड्याची पट्टी चौदा.
चेन, बटण, सहा रिवेट बावीस.
रिवेट कशाला?
पूर्वी खिसे फाटू नयेत म्हणून.
आता, नसली तर गिऱ्हाईक जीन्स म्हणत नाही म्हणून.

कटिंग आठ, शिलाई पंच्याहत्तर.
हा एक शिंपी नव्हे, बाबा, एकवीस जण आहेत.
तो खिडकीपाशी बसलाय ना, महेंद्र,
सहा वर्षं फक्त चेन लावतो.
अख्खी जीन्स शिवायला सांग, गोंधळेल.

धुलाई अठ्ठेचाळीस. टेम्पो उल्हासनगरला जातो.
तिथली पोरं मांडीवर पॉलिश पेपर घासतात,
गुडघ्यामागे सुरकुत्या पाडतात,
नव्या कापडाला चार वर्षांचं वय देतात.
तो हसला.
मी म्हणाले, टेम्पोचं भाडं त्यातच धरलंय.

धागे तोडणं, इस्त्री, पिशवी सोळा.
शंभरात तीन नग बाद होणार, त्यांचे सव्वातेरा.
गाळ्याचं भाडं, वीज सत्तावीस.
वर आमचे आठ टक्के.
पाचशे एकवीस रुपये चाळीस पैसे.

त्यानं फोनवर बोटं फिरवली.
पाचशे पाचला बसवा ना, काकू.

वाईट नव्हता तो. त्याचीही कुठेतरी वही होती
आणि त्या वहीत आम्ही एक ओळ होतो.
मी पेन्सिल घेऊन वरून खाली उतरले.
गिरणी ऐकणार नाही.
चेन स्वस्तातली घेतली तर महिन्यात नग परत येतील.
इलियास मास्तर याहून दाटीनं कुणाला निजवेल?

मग तोच म्हणाला, हा बारका खिसा काढला तर?
कोण काय ठेवतं त्यात?

कापड कातरणीतलं, फुकट. शिवायला एक साठ.
त्यातला एक रुपया दहा पैसे चार नंबर मशीनला,
म्हणजे खारेगावच्या कुंदा मढवीला,
दिवसाला चारशे खिसे, सगळे हेच.
हे मी बोलले नाही. नुसता एक साठवर गोल काढला.

त्यानं पिशवीतून नमुना काढला,
आमच्याच मागच्या ऑर्डरमधला कच्चा नग,
धुलाईला न गेलेला, पुठ्ठ्यासारखा ताठ.
बघा, दोन बोटंसुद्धा जात नाहीत, म्हणत
त्यानं बोटं घातली
आणि कागदाची घडी बाहेर आली.

गठ्ठा सतरा. मशीन चार. वीस नग.

गेल्या शनिवारी कुंदा ही चिठ्ठी शोधत होती,
टेबलाखाली, कचऱ्याच्या गोणीत,
हेल्पर पोराला नको ते बोलली होती.
चिठ्ठी नाही तर गठ्ठा नाही,
गठ्ठा नाही तर पैसे नाहीत, नियम माझाच.

हे काय आहे? त्यानं विचारलं.
बावीस रुपये.
कुठल्या ओळीत येतात?

मी वहीभर बोट फिरवलं.
मग उठले, चार नंबरला चिठ्ठी नेऊन दिली.
कुंदानं वर पाहिलं नाही, पाय पॅडलवरच.
चिठ्ठी दातांत धरली, हातातला खिसा पुरा केला,
आणि डिंकाची बाटली मागितली.

खिसा राहिला.
सोळा चाळीसचं बोलणं अजून चालू आहे.