ठिपका

पत्र्याच्या कंटेनरला आतून काळं कापड ठोकलंय.
भूकंपानंतर "दोन वर्षांपुरतं" म्हणून मिळालेलं घर.
तेहतीस झाली.
हल्ली इथे फक्त फोटो राहतात.
दार लाव, शोघेर, जिरायरकाका म्हणतात.
माझ्या नावाचा अर्थ किरणं.
तुझ्याशिवाय दुसरं एकही आत येता कामा नये.

ग्युम्रीत आमच्या गल्लीला पाणी सात ते नऊ.
तेवढ्यात धुणं उरकायचं,
कपड्यांचं नव्हे, कागदांचं.
डेव्हलपरला थंडी सोसत नाही, म्हणून जानेवारीत
काका ती बाटली कोटात घेऊन झोपतात.

निगेटिव्ह जुनी, नदीच्या अलीकडून काढलेली.
पलीकडे अनी.
मधे अखुरियान, सरहद्दीच्या तारा,
आणि हाताएवढं लांब भिंग.
एक चर्च वरपासून खालपर्यंत चिरलेलं,
अर्धं उभं,
जशी अर्धी भाकरी कुणासाठी तरी झाकून ठेवावी.

अनीचा दगड तांबडा, आमच्या गावाचा काळा.
कागदाला काय त्याचं.
पण काकांनी तेव्हा भिंगावर लाल काच चढवली होती,
म्हणून भिंती उजळल्या
आणि आभाळ खोल गेलं.

मेक, येर्कू, येरेक…
सेकंद ते ओठांतल्या ओठांत मोजतात
आणि तारेच्या टोकाला चिकटवलेली पुठ्ठ्याची चकती
कमानीवर हलवत राहतात, माशी वारल्यासारखी.
सावली धरली की उजळतं.
उजेड जास्त दिला की काळं पडतं.
पहिल्या दिवशी मला हे उफराटं वाटलं होतं.
आता कधी कधी बाहेरचंच उफराटं वाटतं.

ट्रेमध्ये कागद हलतो.
आधी काहीच नाही.
मग खिडक्या, दरवाजे, भगदाडं.
जिथे दगड नाहीत त्या जागा
सगळ्यात आधी येतात.
भिंत मागाहून, सावकाश,
कुणी आठवण करून दिल्यासारखी.

मी एकदा विचारलं होतं,
आपल्या गावाचे का नाही काढले, त्या डिसेंबरचे?
कॅमेरा होता की तुमच्याकडे.
काका चिमट्याने कागद उलटवत राहिले.
व्हिनेगरचा वास येत होता.
अवशेष व्हायला वेळ लागतो, पोरी, म्हणाले.
ती आमची नुसती घरं होती.

कालचा फोटो आज वाळला.
डाग झाकायचं काम माझं:
एका केसाचा ब्रश, राखाडी शाई.
आभाळातले चार गेले, गवतातले दोन.
तटाच्या पायथ्याशी आणखी एक, पांढरा, तिळाएवढा.
मी ब्रश जिभेला लावला, टोक केलं,
आणि काकांनी मनगट धरलं.

धूळ नाही ती. शर्ट आहे.

पलीकडचा मेंढपाळ असावा.
तासभर भिंगातून बघत होतो मी त्याला.
त्यालाही भिंगाची काच चमकलेली दिसली असणार.
त्याने हात वर केला.
किंवा कपाळावर धरला असेल, ऊन होतं.
माझे दोन्ही हात कॅमेऱ्यावर होते.

मग थांबून,
पहिल्या प्रिंटमध्ये मीच पुसला त्याला.
याच ब्रशने.
ती येरेवानला एका दंतवैद्याच्या भिंतीवर आहे.
तिच्यात अनीत कुणीच नाही.
लोकांना तसंच आवडतं.

शाई मी नखावर पुसली.

मोठा करून बघू या का, मी म्हटलं.
यंत्राचं डोकं पार वर, छताला टेकेपर्यंत नेलं.
जितका मोठा केला
तितका माणूस कमी, दाणे जास्त.
हात वर होता की कपाळावर,
दोघांनाही सांगता येईना.

नऊ वाजत आले होते.
पाणी जाईल, म्हणून आम्ही घाईघाईने
त्याला धुवायला घेतलं.