पाच गुणांचा प्रश्न

प्रश्न चौथा, उपप्रश्न ब :
कादंबरीत आलेले राज्यपद्धतीचे प्रकार स्पष्ट करा. गुण पाच.

नाशिकरोडला, शाळेच्या प्रयोगशाळेत
आम्ही अकरा जण लाल पेनं घेऊन बसलोय.
मघाशी प्रेसचा भोंगा झाला.
तिथे नोटा मोजतात, इथे गुण.
दोन्हीकडे बाहेर पडताना पिशवी तपासतात.

नमुना उत्तर टेबलावर आहे :
राजेशाही, क्रांती, प्रजासत्ताक, हुकूमशाही.
प्रत्येकी एक. पाचवा गुण उदाहरणाला.
बत्तीस मुलांनी हेच लिहिलं, ह्याच क्रमाने,
मार्गदर्शक, पान एकशे बारा.
जनावरांनी मालक हाकलला, पुढे जनावरच मालक झालं.
इति.

तेहेतिसावा पेपर. तिरकं अक्षर, लांब वेलांट्या.
‘सर, गोष्टीतल्या जनावरांचं मला कळलं.
पण मी हंगामात द्राक्षं भरायला जाते,
म्हणून काट्यावरून सांगते.

आधी काटा शेटच्या खुर्चीशेजारी होता.
पेटी पाचची असो, त्याने म्हणावं साडेचार,
तर साडेचार.
पुन्हा ठेवा म्हणाली म्हणून मथुराकाकूला
दुसऱ्या दिवशी फाटकात अडवलं.
मग सगळ्याच बायका फाटकात बसल्या. नऊ दिवस.
माल कॅरेटमध्ये मऊ पडला, कंटेनर रिकामा गेला.
शेट शेड भाड्याने देऊन निघून गेला.
आम्ही संस्था काढली.

काटा अंगणात आणला, कडुलिंबाखाली.
कुणीही यावं, आकडा बघावा.
ज्यांना येत नव्हता त्यांना मी वाचून दाखवायचे.
(त्या हंगामात चहाचा पहिला कप मला मिळायचा.
हे उत्तरात धरू नका.)

मग कुणी म्हणालं, काट्यावर ऊन येतं, आकडा दिसत नाही.
खरंच होतं ते.
म्हणून काटा पडवीत गेला. पडवीत सातजणी बसायच्या.
सातजणींचा गलका होतो म्हणून तिघी.
धूळ बसते म्हणून केबिन.
केबिनला काच आहे, आतून बाहेरचं दिसतं.
आता नुसती चिठ्ठी बाहेर येते.
चिठ्ठीवर साडेचार.
आत मथुराकाकू असते.
ती वाईट नाही, सर. तिने चष्मा केलाय.

राज्य नेमकं कुठल्या दिवशी बदललं
ते मला सापडत नाही.
दर वेळी आम्ही हात वर केले होते.

गोष्टीतलं ते राबणारं जनावर मला आवडलं नाही.
माझी आई तशीच आहे.
तिला आकडे येत नाहीत,
आणि यंदा मी परीक्षेला बसलेय.’

उत्तर संपलं. खाली रेघ मारलेली, पट्टीशिवाय.

मी उठून पाणी पिऊन आलो.
चार संज्ञांपैकी एकही नाही.
नियमाने शून्य, फार तर कागद भरल्याचा एक.
मी चार दिले. खोडले.
साडेचार लिहिले,
आणि तो आकडा बघून दचकलो.

पाच. बाजूला सही.

गठ्ठा बांधून गायधनी मॅडमच्या खोलीत दिला.
त्यांच्या दाराला काच आहे.
हिरव्या पेनाने त्या काय कमी करतात, काय ठेवतात,
आम्हाला कळवत नाहीत.
आमचा वेळ वाचावा म्हणून तसं ठरलंय.
कुणाची हरकत आहे का, विचारलंही होतं.
तेव्हा वडे आले होते.

संध्याकाळी बिटको चौकात
हातगाडीवर अर्धा किलो द्राक्षं घेतली.
पारड्याशेजारी बल्ब इतका भगभगीत
की आकड्यांच्या जागी नुसता उजेड.
मी वाकलो. हाताने सावली धरली.
‘काय सर,’ तो हसला, ‘विश्वास नाही का?’

मागे चार माणसं खोळंबली होती.
‘पुन्हा ठेवा,’ मी म्हणालो.