राखेला कान

सगळेच म्हणायचे, बीड जुरत नाई.
साकोलीचा मिस्त्री म्हणाला, भंडाऱ्याचा म्हणाला,
राइस मिलचा मालक तर तडकलेला गिअर गाडीत टाकून
नागपूरला निघालाच होता.
ऐन डिसेंबर, धानाची पोती रस्त्यापर्यंत आलेली.

चैतराम टेंभरे म्हणाला, एक रात्र द्या.

टिनाचा ठेला. एक मशीन, तीही हप्त्याची.
मी इस्तारी. मी फक्त धरायचो.
तीन वेळा त्यानं सांधा भरला
आणि तिन्ही वेळा, निवता निवता, बिडानं
जीभ टाळ्याला लावून म्हणावं तसं म्हटलं,
टिक्.
केसाएवढी चीर.

चौथ्यांदा गोवऱ्यांवर गिअर लाल केला,
भरला, हातोडीनं हळूहळू थोपटला
आणि मिलमागच्या तुसाच्या राखेत
पार बुडवून टाकला.
"उकरू नोको," म्हणाला,
"थंडी त्याले हळूच कळली पायजे."
मग जळत्या डोळ्यांवर बटाट्याच्या चकत्या ठेवून
आम्ही दोघं राखेला कान लावून पडलो.
सकाळपर्यंत काही ऐकू आलं नाही.

त्या न ऐकू येण्यावर कंपनी उभी आहे.

पुढचं पटापट झालं, म्हणजे एकोणीस वर्षांत.
थ्री फेज आली. आर्गनची टाकी आली,
तिला भिणारी पोरं आली, मग न भिणारी.
दुधाच्या स्टीलच्या टाक्या, बॉयलरच्या नळ्या,
ओडिशातून ट्रकनं फुटके बिडाचे पंप.
आता सांध्यांचे एक्सरे निघतात;
लाखांदूरची प्रणोती फिल्म खिडकीशी धरते
आणि मला काहीच दिसत नाही तिथं बोट ठेवते.
बासष्ट माणसं. चहाला भोंगा.

पहिल्या पाटीवर दोन नावं होती.
कागद झाले तेव्हा एकच बसलं;
बँकेला, म्हणे, सुटसुटीत लागतं.
मला पगार आहे, पीएफ आहे, दिवाळीला मिठाईचा डबा,
माझं भांडण नाही.
ती पाटी तीन नंबरच्या टेबलाला आडोसा म्हणून लावलीय,
ठिणग्या उडू नयेत वाटेवर.
'इस्ता'ची चाळणी झाली. 'री' अजून वाचता येतो.

यंदा नवी भट्टी आली,
तासाला किती अंश उतरायचं ते बटणावर ठरवणारी.
इंजिनिअर म्हणाला, तो राखेचा ढीग हलवा.
चैतरामनं ऐकलं नाही, की ऐकून गप्प राहिला,
कळलं नाही. ढीग आहे.

रात्री घरी चुलीवरून उतरलेला तवा
कोपऱ्यात टिक् करतो.
मी उठून बसतो.
बायको म्हणते, निजा. तवा होय तो.